उलटी घासाघीस

भाव पाडून मागणारी माणसं जगात असंख्य आहेत, आणि मी त्यांतला वरच्या नंबरचा आहे. पण सांगितलेला भाव वाढवून देण्यासाठी भांडणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच जन्माला आला, आणि माझं नशीब असं, की तो नेमका माझा साडू निघाला. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली त्यांची, धाकटी माझी. म्हणजे मान त्यांचा आणि नुकसान माझं ही वाटणी मांडवातच होऊन गेली होती. मला ती समजायला पुष्कळ वर्षं लागली.

कर्जतहून चौककडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी रोपांची नर्सरी आहे. ती मला कुणी वारशात दिलेली नाही. भिवपुरी स्टेशनाबाहेर टोपलीत मोगऱ्याची रोपं घेऊन बसण्यापासून मी सुरुवात केली. माती, शेणखत, कुंड्या, टेंपोचं भाडं, जे घेतलं ते घासून घासून घेतलं. माझ्याशी व्यवहार करून गेलेला माणूस घरी पोचला की आधी तांब्याभर पाणी पितो, असं लोक म्हणतात. मी ते कौतुक समजतो. अशा माणसाच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, साडूंनी नर्सरी टाकली. आणि टाकायला लावली मीच. रसायनीच्या एका कारखान्यात ते आयुष्यभर ठेकेदाराच्या माणसांत राबले. कायम कधी झाले नाहीत, त्यामुळे निवृत्तही झाले नाहीत; एका सकाळी गेटवर त्यांचं नाव पुकारलं गेलं नाही, एवढंच. मी म्हटलं, "साडू, या इकडे. समोरची जागा भाड्याने मिळतेय. रोपांचं सगळं मी शिकवतो." शिकवलं ते सगळं ते शिकले. कलम शिकले, खत शिकले, कुठल्या बंगलेवाल्याला कुठलं झाड चिकटवायचं तेही शिकले. फक्त भाव करायला शिकले नाहीत. म्हणजे करायचे, पण उलटा.

एकदा चौकच्या बाजारात मी त्यांच्याबरोबर होतो. सुकट विकणाऱ्या एका मावशीसमोर ते उकिडवे बसले. तिने भाव सांगितला. साडू म्हणाले, "येवढ्यात तुला काय सुटतं गं?"

"सुटतं थोडं."

"थोडं म्हंजे? घरात खानारी तोंडं किती?"

तिने सांगितली. साडूंनी मनाशी काही हिशेब मांडला आणि म्हणाले, "नाय परवडत तुला. धा रुपये जास्त घे."

बाई चमकली. तिने ती नोट उन्हात धरली, उलटी केली, चोळून पाहिली आणि शेजारणीच्या हातात दिली. "ही बघ गं जरा, खरी हाय का." नोट खरी निघाली तेव्हा तर तिचा संशय आणखीच वाढला. शेवटी तिने टोपलीवर फडकं टाकलं. "नको बाबा, तुमी दुसरीकडं जा. येवढं गोड बोलनारा मानूस माज्या पोरीच्या सासरचा निघाला व्हता." साडू सुकट न घेता घरी आले. पैसे जास्त देऊनही माल न मिळालेला दुसरा माणूस मला तरी माहीत नाही. त्या दिवसापासून मेव्हणीने त्यांना बाजारात पाठवणं बंद केलं.

मजुरीच्या बाबतीत तर हे दुखणं फारच वर गेलेलं होतं. सरकारने किमान वेतन वाढवलं की साडूंच्या घरी सण. खालापूरला जाऊन ते नवा दर खात्रीने विचारून यायचे, येताना पेढे घ्यायचे आणि रस्त्यावरच्या प्रत्येक नर्सरीत, पोल्ट्रीत, फार्महाउसच्या फाटकापाशी स्कूटर उभी करायचे. "वाढलं बरं का!" चेहरा असा, की नातू झाला असावा. एका फार्महाउसच्या मॅनेजरने पेढा तोंडात टाकून विचारलं, "कुणाकडे काय झालं?" साडूंनी सांगितल्यावर त्याला तो पेढा गिळवेना आणि थुंकवेना. मी त्यांना एकदा संतापून म्हणालो, "अहो साडू, हे पैसे आपल्याला द्यायचे आहेत, मिळायचे नाहीत. पेढे पैसे मिळणाऱ्याने वाटायचे असतात!" ते शांतपणे म्हणाले, "त्यांच्याकडं पेढ्याला पैसे कुठं हायत? म्हनून मी वाटतो."

झाडांशीही त्यांचं बोलणं याच थाटाचं. न फुलणाऱ्या जास्वंदीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि सुनवायचे, "खत खातीस, पानी पितीस, सावलीत बसतीस. ठेकेदार झालीस का गं?" आणि खरंच सांगतो, पंधरवड्यात ती जास्वंद फुलायची. माझ्याकडच्या जास्वंदीला मी हीच शिवी देऊन पाहिली. वाळली.

एका वाढीच्या वेळी त्यांनी कहर केला. नर्सरीबाहेर रोपांच्या दराची मोठी पाटी होती. मोगरा एवढ्याला, सोनचाफा एवढ्याला. पेंटरला बोलावून त्यांनी सगळ्यात वर नवी ओळ लिहून घेतली: 'आमच्याकडील मजुरी, सरकारी दराने. वर चहा आणि आमटी.' रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाचता यावी अशी, लाल रंगात. माझ्याकडे पिशव्यांत माती भरायला डोंगराकडच्या वाडीतल्या बायका येतात. त्या सकाळी पाटीकडे बघत उभ्या राहिल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ज्यांना येत होतं त्यांनी वाचून दाखवलं. पलीकडे जायला किती वेळ लागतो? एक टेंपो जाऊ द्यायचा, की पोचलं.

आठवड्याच्या आत मला तोच दर द्यावा लागला. तो माझ्या खिशातून गेला असं कुणी समजू नये. मी धंदा करतो. दर वाढवला त्या दिवशी दुपारची आमटी बंद केली, चहा बंद केला, वाडीतून बायकांना आणणारा टेंपो बंद केला. बायजा नावाची एक म्हातारी माझ्याकडे सगळ्यांत जुनी. तिने पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "शेठ, हातावर वाढवलात नि ताटातलं काढलात. आमी हाय तिथंच हाय."

मला राग आला. खरं बोललेलं मला लगेच समजतं आणि लगेच राग येतो. मग मी पुढचा व्यवहार केला. दर सगळ्यांना सारखाच द्यायचा, तर हात चपळ हवेत. दोन पिशव्या भरून गुडघा धरून बसणारीला मी पूर्ण दर का द्यावा? अशा तीन-चार जणींना मी सांगून टाकलं, उद्यापासून येऊ नका. बायजा त्यांत होती. तिने डबा उचलला, एक टेंपो जाऊ दिला आणि पलीकडे गेली. साडूंनी त्या सगळ्यांना ठेवून घेतलं. पुढे ही बातमी पसरली, आणि ज्या कुणाला कुठूनही मंद म्हणून काढलं ती बाई साडूंच्या दारात उभी राहू लागली. त्यांची नर्सरी म्हणजे तालुक्यातल्या सगळ्या मंद हातांचं माहेर झालं. तिथे रोप पिशवीत बसायच्या आधी थोडं म्हातारं व्हायचं.

आता एवढी मजुरी द्यायची तर रोप महाग विकायला हवं. मुंबईचा एखादा बंगलेवाला गाडीतून उतरायचा, चाफ्याला हात लावायचा आणि कमी करायला सांगायचा. दुसरा कुणी मालक थोडं कमी करतो. साडू मागे वळून हाक मारायचे, "बायजे, हिकडं ये गं. हे सायेब पन्नास कमी करा म्हनतात. ह्या चाफ्याची माती तू भरलीस. तुझ्यातनं काढू का माझ्यातनं?"

बायजा पदराला हात पुसत यायची, साहेबांच्या बुटांकडे बघायची आणि म्हणायची, "काढा की दादा माझ्यातनं. सायबांची अडचन आसंल."

साहेबांचे कान लाल व्हायचे. क्वचित कुणी पूर्ण पैसे द्यायचा. बहुतेक जण गाडीचं दार आपटून सरळ माझ्याकडे यायचे. अपमान झालेलं गिऱ्हाईक सगळ्यात चांगलं. ते घासत नाही, सूड म्हणून विकत घेतं. म्हणजे स्थिती अशी झाली, की साडूंकडे हात होते आणि गिऱ्हाईक नव्हतं; माझ्याकडे गिऱ्हाईक होतं आणि हात कमी पडत होते, कारण आमटी पलीकडे शिजत होती. मधल्या रस्त्यावर उभं राहून मी दिवसभर दोन्हीकडे बघत चरफडायचो.

आमचं खरं भांडण एकाच गोष्टीवर होतं. मी म्हणायचो, "साडू, मजुरी वाढवून गरिबी जात नाही. ज्याला काम आहे त्याच्या घरातून ती ओसरीपर्यंत सरकते, आणि ज्याला काम मिळत नाही त्याच्या दारात जाऊन बसते. तुम्ही किती जणींना पोसणार? एक दिवस नर्सरी बुडेल, मग त्या कुठे जातील?" ते म्हणायचे, "ज्यांना मिळत नाय त्यांना तुमी द्या." मी म्हणायचो, "मी का?" ते म्हणायचे, "तुमच्याकडं गिऱ्हाईक हाय." अशा माणसाशी वाद घालून माझं रक्त आटायचं. मजुरी वाढली की गरिबी जाते, या एका गोष्टीवर त्यांनी सगळी नर्सरी लावली होती, आणि त्यांची खात्री होती की ते जिंकत आहेत. पुरावा काय, तर डबे.

ही त्यांची सगळ्यात विचित्र सवय. दुपारी बायका जेवायला बसल्या की साडू हात मागे बांधून त्यांच्या भोवती फिरायचे आणि प्रत्येकीच्या डब्यात डोकवायचे. कुणी म्हणेल, काय हा असभ्यपणा. पण बायकांना सवय झाली होती, त्या झाकण काढून डबा पुढे करायच्या. "गरिबी कागदावर कळत नाय साडू," ते मला सांगायचे, "डब्यात कळती." भाकरी-चटणी म्हणजे जैसे थे. भाकरी आणि सुकट म्हणजे बरं. आणि एक दिवस मी गिऱ्हाइकाला पामची झाडं दाखवत असताना रस्त्यावर टेंपोने करकचून ब्रेक मारला. बघतो तर साडू रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात वर, आणि ड्रायव्हर खिडकीतून त्यांच्या खानदानाची चौकशी करतोय. साडू त्यालाच ओरडून सांगत होते, "अंडं आलं! अंडं आलं!"

"मंग कोंबडी बघ जा तिकडं, रस्त्यात कशाला मरतोस!" ड्रायव्हर म्हणाला.

धावत येऊन त्यांनी माझा दंड धरला. "साडू, बायजाच्या डब्यात अंडं हाय. उकडलेलं. अख्खं!" डोळे पाण्याने भरलेले. माझ्या गिऱ्हाइकाने मला हळूच विचारलं, "हे तुमचे कोण?" मी म्हटलं, शेजारी.

घरी ही हकीकत मी बायकोला हसत हसत सांगितली. ती हसली नाही. "भावोजींना दुसरीच्या डब्यातलं अंडं दिसतं," ती म्हणाली. "माझ्या ताटात आज काय होतं, सांगा बघू." मी जेवण अर्धं टाकून उठलो. समोरची नर्सरी माझ्या घरातसुद्धा शिरली होती.

त्यानंतर अंडं येतच राहिलं. आज हिच्या डब्यात, उद्या तिच्या. साडू रोज पलीकडून हात उंच करून खूण करायचे, आणि मी न पाहिल्यासारखं करायचो.

पुढे साडूंची नर्सरी उठली. मजुरीपायी बुडाली असं मी अजूनही सगळ्यांना सांगतो, आणि ऐकणारे माना डोलावतात. जागामालकाने ती जागा बंगले बांधणाऱ्याला विकली, हे मी मागाहून हळू आवाजात सांगतो. साडूंचे गुडघे गेले होते, लेक नाशिकला बोलावत होती. पावसाआधीचे दिवस, म्हणजे आमचा खरा हंगाम. एका रिसॉर्टची मोठी ऑर्डर मी घासाघीस करून मिळवली होती आणि माती भरायला माणसं नव्हती. मी पलीकडे गेलो. म्हटलं, "साडू, तुमच्यातल्या चपळ बायका मला द्या. निवडून घेतो."

"सगळ्या," साडू म्हणाले.

"सगळ्या कशा? निम्म्या जणींना उठता-बसता येत नाही."

"माझ्याकडं येकच भाव हाय. सगळ्या. वर चहा, आमटी नि वाडीवरनं टेंपो."

मी माझं सगळं कसब लावलं. हसलो, चिडलो, नात्याचा वास्ता दिला. शेवटी माझं ठेवणीतलं हत्यार काढलं: "राहू द्या मग," म्हणून उठलो आणि चालू लागलो. आजवर फाटकापर्यंत पोचायच्या आत मला हाक आली नाही असं झालेलं नाही. या वेळी फाटक आलं, रस्ता आला, हाक आली नाही. मागे वळून बघणं म्हणजे हरणं. म्हणून टेंपो जायची वाट बघत असल्यासारखा कडेला उभा राहिलो. टेंपो कधीच निघून गेला होता. चोरून पाहिलं तर साडू जास्वंदीला झापत होते. मी परत आलो.

"बरं. बायजा सोडून सगळ्या."

"बायजा पैली," साडू म्हणाले.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी तांब्याभर पाणी प्यालो.

साडू नाशिकला गेले. बायका माझ्याकडे आल्या. आणि दुपारी जेवणाच्या वेळेला फोन यायला लागला. "साडू, डब्यात काय हाय?" तब्येत विचारायची नाही, धंदा विचारायचा नाही. मी नको नको म्हणत उठायचो, एक चक्कर मारायचो आणि सांगायचो. आज भाकरी, सुकट. एका डब्यात अंडं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझी नजर व्यापाऱ्याची आहे. थोड्याच दिवसांत मला खटकलं. अंडं रोज होतं, पण एकच. दोन डब्यांत एकदम अंडं मी कधीच पाहिलं नाही. एका दुपारी मी बायजाला बाजूला घेतलं.

"पैलं अंडं खरं व्हतं शेठ," ती म्हणाली. "कोंबडीनं घातलं, डब्यात टाकलं. दादा येवढं नाचलं की टेंपोखाली जात्यात आसं वाटलं. मंग आमी पाळी लावली. येक अंडं, दर दिवशी येगळा डबा. मानसाला बरं वाटतं तर आपलं काय जातंय?"

माझ्या हाताला खाज सुटली. इतकी वर्षं छळणारा माणूस, आणि त्याचा सगळा पुरावा नाटकी! फोन काढून मी नंबर शोधायला लागलो. "म्हणजे मजुरी वाढून तुमच्या घरात काहीच झालं नाही. मी म्हणत होतो तेच."

बायजा पदराआड हसली. "डबा काय बघायचा शेठ? डबा चार जनींत उघडायचा आसतो, त्यात बाई चांगलंच घालती. घरी काय उरलं ते बघायचं."

"काय उरलं?"

"मानसं उरली की." ती माती भरता भरता सांगत होती. भात कापून झाला की वाडीतली घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात. भट्टीवाल्याकडून आधी उचल घ्यायची, मग पाऊस येईपर्यंत पोराबाळांसकट तिथेच राबून ती फेडायची. "दादांकडं पुरता रोज मिळाला, तशी उचल घेतली नाय. मागल्या साली गेलो नाय, औंदाबी नाय. आमच्या दाराला कुलूप नाय लागलं, शेठ."

"आणि शेजारची?"

"ती गेली. त्यांना कुठं काम भेटलं?"

म्हणजे माझा मुद्दा अर्धा खरा निघाला आणि साडूंचाही अर्धा. आणि अर्ध्या मुद्द्यावर मला भांडता येत नाही. हातात फोन धरून मी नर्सरीत येरझाऱ्या घालत होतो, तेवढ्यात तो वाजला.

"साडू, अंडं हाय का?"

मी मोगऱ्यांकडे पाहिलं, बायजाकडे पाहिलं. "आहे," म्हटलं. "अख्खं."

कुलपाचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो माणूस गुडघे घेऊन उठेल, मिळेल त्या एसटीने परत येईल आणि माझ्या उरावर पुन्हा पाटी लावेल. असली जोखीम मी का घ्यावी? तरी रोज दुपारी फोन वाजला की ते ओठांवर येतं. मागच्या आठवड्यात सरकारी दर पुन्हा वाढला. मला तो बायजाने सांगितला. पेढे घेऊन कुणी आलं नाही. समोर आता बंगल्यांची उंच भिंत आहे, पलीकडचं काही दिसत नाही. पण रस्त्यावर टेंपोने करकचून ब्रेक मारला, की समोर गिऱ्हाईक असलं तरी मी भाव सांगता सांगता थांबतो आणि मान वर करून बघतो.